प्लॅब ते बांची अगियारस

प्लॅब म्हणजे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना ब्रिटनमध्ये काम करण्यासाठी द्यावी लागणारी परीक्षा. तिचा दुसरा टप्पा मँचेस्टरला होतो. परीक्षा म्हणायची, पण लिहायचं काहीच नाही. दाराबाहेर दीड मिनिट केस वाचायची, आत ८ मिनिटं नाटकातल्या रुग्णाशी बोलायचं, बेल झाली की पुढची खोली. 'तुम्हाला काय वाटतं, काळजी कसली आहे, आमच्याकडून काय हवंय' हे प्रश्न जळगावला आरशासमोर इतके घोकले की आईने चहा विचारला तरी तोंडात तेच यायचं. पास झालो एकदाचा.

पुढे जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, प्रशिक्षणासाठी लेस्टर. (इथे जीपीच्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात. "सर्जरीत आहे" असं फोनवर सांगितलं, तर आईने देव पाण्यात ठेवले.) १९७२ साली इदी अमीनने युगांडातून हाकललेली बरीच गुजराती कुटुंबं या शहरात आली. त्यातल्याच एक बा, म्हणजे आजी. साखर मध्येच एकदम उतरायची, घाम फुटायचा. मी पाठ केलेले प्रश्न विचारले. बा म्हणाल्या, "दीकरा, डॉक्टर तुं छे के हुं?"

ग्लिक्लाझाइड ही मधुमेहाची गोळी चालू होती, आहाराचा छापील कागदही दिलेला. त्यात पास्ता, ब्रेड, उकडलेला बटाटा. सहज विचारलं, उपास करता का? अगियारस म्हणजे एकादशी, वर सोमवार. सकाळी गोळी नुसत्या चहाबरोबर, दुपारी दोनला ताटभर साबुदाणा. पोट रिकामं आहे म्हणून ही गोळी काही थांबत नाही, ती साखर उतरवतच राहते. आधी का नाही सांगितलं? "उपास सोडा म्हणाले असते ना!" वरिष्ठांशी बोलून उपासाच्या दिवशी गोळी फराळाबरोबरच घ्यायची ठरली, आणि साबुदाणा ताटभर नाही, वाटीभर.

मग हीच केस मेडिकलच्या मुलांच्या सरावासाठी लिहिली. बांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) मुद्दाम २४ ठेवला. सरसकट तक्त्यात तो हिरव्या रकान्यात बसतो, पण आपल्या लोकांना धोका २३ पासूनच धरतात. रमजानचे रोजे मुलं आपणहून विचारतात, ते शिकवलेलं असतं. एकादशी कुणाच्या गावीही नव्हती.

केस मंजूर व्हायला मात्र तीन खेपा लागल्या. दोनदा गुणांच्या रकान्यांवरून परत आली, ते ठीक. तिसऱ्यांदा समासात लाल शेरा होता: 'रुग्णाचा उपास आहे, तर दुपारी दोनला ताट कसलं?'

फराळ म्हणजे काय, यावर मी अर्धं पान लिहून पाठवलं.