"दारात अडकलं मॅडम"

आमच्या शाळेतली तक्रारपेटी आम्ही दर शनिवारी उघडतो. ऑगस्ट २०२४ मधे बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचाराचं प्रकरण झालं, वरून पत्रांवर पत्रं यायला लागली, तेव्हा कुठं ती कपाटातून बाहेर येऊन भिंतीला लागली. आणि लावली कुठं, तर हेडसरांच्या ऑफिसच्या दाराशेजारी, बरोब्बर कॅमेऱ्याखाली! कोणतं पोरगं तिथं जाऊन चिठ्ठी टाकणार सांगा. त्या शनिवारी पण निघालं काय, तर चॉकलेटचे दोन कागद आणि "मुलांच्या संडासात पाणी नाही" अशी एक चिठ्ठी (ते खरंय, मोटर जळलीये).

नंतर सातवीच्या वह्या तपासायला बसले. एका पोराचं अक्षर एरवी मोत्यासारखं, या आठवड्यात नुसते कोंबडीचे पाय. बोलावून हात बघितला तर उजव्या हाताची मधली दोन बोटं सुजलेली, आतल्या बाजूनं काळीनिळी, दोन्हीवर समोरासमोर एकच वळ. काय झालं रे? "दारात अडकलं मॅडम." दार असं कुठं चावतं का? पण पोरगं फरशीकडं बघत तेच तेच बोलत राहिलं, मग मी सोडलं.

सुट्टीत खिचडीवाल्या ताई भांडी घासता घासता हळूच म्हणाल्या, "दार कसलं ओ मॅडम, आठवीतली दोघं टाकीमागं नेतात त्याला, पैसे दिले नाही की बोटांत पेन्सिल घालून दाबतात. घास उचलता येईना त्याला, मी विचारलं तर लगेच सांगितलं. पण माझं नाव घेऊ नका हां, कामावरून काढतील."

लगेच सांगितलं! मी वर्गशिक्षिका, मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत असते त्या सखी सावित्री समितीची सदस्य, १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनचं पोस्टर मीच वर्गात चिकटवलेलं, आणि पोरगं सांगतंय कुणाला तर त्याला वाढणाऱ्या ताईंना.

त्याला परत बोलावलं, दार लोटून घेतलं, म्हटलं मला का नाही सांगितलंस? बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मागं पट्टी घेतलेली तेव्हा सांगितलेलं, तुम्ही म्हणालात सारख्या चुगल्या आणू नको." मला आठवेना पण. म्हणाले असणार, दिवसातून दहा वेळा म्हणते मी ते. बरं ती पट्टी होती, हे तर मारणं आहे ना, असं म्हटलं तर मान वर करून, खरंच समजत नसल्यासारखं विचारतो, "पाढा चुकला की सर पण असंच दाबतात की. मग त्याची कशी तक्रार करायची?"

कोणते सर ते मला विचारावं लागलं नाही. स्टाफरूममधे सगळ्यांना माहितीये, "जुन्या पद्धतीचे आहेत" म्हणून आम्ही हसून सोडतो, मी पण. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, कलम १७, शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी, हे मागच्या पालकसभेत मीच माइकवर वाचून दाखवलेलं आणि ते सर शेजारच्याच खुर्चीत बसलेले.

सोमवारी दोन्हीकडचे पालक आले, आठवीतल्या पोरांनी कबूल केलं, एक तर रडायलाच लागला. ताईंचं नाव मी कुठं येऊ दिलं नाही. संध्याकाळी इतिवृत्त लिहिताना सरांबद्दलची एक ओळ लिहिली, खोडली, परत लिहिली. हेडसरांनी वही वाचली, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे आपण तोंडी बघू ना मॅडम."

वही अजून माझ्याच ड्रॉवरमधे आहे, त्यांची सही बाकी आहे.