टी-फोर भरपूर, तरी गोळी वाढवली

डिसेंबरचा पहिला आठवडा. द्राक्षाच्या गोडी छाटणीला (फळछाटणीला) 45 दिवस झालेले, बागेत जीएच्या म्हणजे जिबरेलिनच्या पाण्यात घड बुडवायची, डिपिंगची गडबड, आणि माझ्या हातात थायरॉइडचा रिपोर्ट. मला तिसरा महिना चालू होता. टोटल टी-फोर, म्हणजे रक्तातलं एकूण थायरॉइड संप्रेरक, वरच्या मर्यादेला टेकलेला; संप्रेरक कमी पडलं की वाढतो तो टीएसएच मात्र 4.9. थायरॉइडची 50 मायक्रोग्रॅमची गोळी (थायरॉक्सिन, म्हणजे टी-फोरच) मी चार वर्षं घेतेय, त्यामुळे आपल्याला रिपोर्ट कळतो असा माझा समज. टी-फोर भरपूर आहे म्हणजे गोळी जास्त होतेय, असं नणंदबाईंनीही फोनवर ठासून सांगितलं. दोन दिवस मी गोळी घेतलीच नाही. तो शहाणपणा नडला असता.

नाशिकला डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, फ्री, म्हणजे सुटा टी-फोर तपासून घेतला आणि गोळी 75 ची केली. फ्री टी-फोर तळाला गेला होता.

कारण असं. रक्तातला 99.9 टक्क्यांहून जास्त टी-फोर प्रथिनांना चिकटून फिरतो, त्यातला बराचसा टीबीजी नावाच्या प्रथिनाला. चिकटलेला पेशीत शिरत नाही. शिरतो तो सुटा. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढलं की टीबीजी रक्तात जास्त दिवस टिकतं आणि त्याचा साठा वाढतो. आमच्याकडच्या भाषेत सांगायचं तर रस्त्यावर मजुरांनी भरलेल्या पिकअप वाढल्या, पण बागेत उतरतात तेवढेच मजूर कामाचे. टोटलचा आकडा पिकअपमध्ये बसलेल्यांनाही मोजतो. धडधाकट ग्रंथी जास्त संप्रेरक बनवून ही तूट भरून काढते. माझ्या ग्रंथीला ते झेपत नाही, म्हणून गोळी वाढवायची.

त्यात माझी आणखी एक चूक निघाली. विसरायला नको म्हणून लोहाची गोळी मी थायरॉइडच्या गोळीबरोबरच गिळत होते. लोह पोटातच थायरॉक्सिनला धरून ठेवतं, मग ते रक्तात पोचणार कसं? कॅल्शियमचंही तेच. आता पहाटे साडेपाचला उपाशीपोटी थायरॉइडची, तासाभराने चहा, आणि लोह थेट दुपारच्या जेवणानंतर. मळमळीच्या दिवसांत बिनचहाचा तो तास फार लांब वाटायचा.

घरी आले तर हे ड्रममध्ये डिपिंगचं पाणी बनवत होते, 40 पीपीएम, म्हणजे 25 लिटरला एक ग्रॅम जीए. एवढ्याशा पावडरीवर मणी कसा फुगतो, हे बीएस्सीला वनस्पतीशास्त्रात शिकले होते, पण त्या दिवशी ते पुन्हा नीट आठवलं. आमच्या थॉमसन जातीच्या द्राक्षाच्या मण्यात बी नाही, त्यामुळे बियांतून मिळणारं जिबरेलिनही नाही; ते आपण बाहेरून देतो. पेशीत जीआयडी1 नावाचं प्रथिन असतं. जिबरेलिन त्याच्या खोबणीत बसलं की वर झाकण मिटतं, आणि त्या मिटलेल्या झाकणाला डेला प्रथिन येऊन चिकटतं. डेला म्हणजे वाढीचा ब्रेक. पकडला गेला की पेशी त्याची विल्हेवाट लावते आणि मणी वाढू लागतो. हरितक्रांतीतल्या बुटक्या गव्हात हाच डेला बदललेला असतो, जिबरेलिन असूनही तो पकडीत येत नाही, म्हणून ताट आखूड.

माझ्या गोळीचंही शेवटचं काम असंच ब्रेक काढण्याचं. पेशीत टी-फोरचा एक आयोडीन निघून टी-थ्री होतो. त्याला धरणारं प्रथिन, म्हणजे ग्राही, पेशीच्या केंद्रकात डीएनएवर आधीच बसलेला असतो आणि रिकामा असला तर काही जनुकं दाबून धरतो. टी-थ्री बसला की ती मोकळी होतात.

हे ऐकून सासूबाईंनी विचारलं, "मग जीएची द्राक्षं खाल्ली तर बाळ लांब होईल का गं?" म्हटलं, आई, आपल्यात ते झाकणवालं प्रथिनच नाही.

साडेचार आठवड्यांनी टीएसएच 2.1 आला. बाळंतपणानंतर डोस परत 50 वर आणायचा, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करायची आहे.