भेरूघाट उतरताना ट्रेलरचं चाक का तापतं: इंदूर ते हनुवंतिया, कॅरव्हॅन ओढत जाणाऱ्यांसाठी

"घाट आता काही राहिला नाही हो, चौपदरी होतोय" असं इंदुरात ज्याला विचाराल तो सांगतो. सांगणारे सगळे कारने जाणारे. मागे ८५० किलोचा कॅरव्हॅन ट्रेलर जोडून सिमरोल ते बलवाडा हा भेरूघाट उतरलेला त्यांच्यात एकही नसतो. रस्त्याचं काम चालू आहे, बोगदे होतायत, सगळं खरं. पण वळवलेल्या रस्त्यावरची खडी, मध्येच उघडा पडलेला जुना डांबरी पट्टा आणि समोरून रांगत येणारे ट्रक हे आज आहेत, आणि आज जाणाऱ्याला त्यातूनच जायचंय.

त्याहून मोठी फसवणूक वर्कशॉपची. निघण्याआधी इंदुरातल्या एका वर्कशॉपने "फुल सर्व्हिस आणि अपग्रेड" म्हणून ३८,००० रुपये घेतले. त्यात सोलर पॅनेल, एलईडी पट्ट्या, टीव्हीचा स्टँड आणि मागच्या सीटखाली १५० एएचच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या. बिलात "बेअरिंग ग्रीसिंग, ब्रेक सेटिंग" अशी एक ओळही होती. घाटातल्या चोरलला थांबून हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या बेअरिंगच्या घरावर, इन्फ्रारेड थर्मामीटर धरला तेव्हा डावं चाक ६८ अंश आणि उजवं १२१. त्या ओळीचा अर्थ तिथे कळला.

थर्मामीटर नसेल तर हाताची पाठ हबच्या टोपीजवळ न्या, टेकवू नका. घाट उतरल्यावर दोन्ही हब गरम असणारच, फरक बघायचा. २०-२५ अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर एका बाजूचा ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग आवळलंय. इथे दोन्ही होतं.

आपल्याकडच्या बऱ्याच लहान ट्रेलरना ओव्हररन ब्रेक असतो. पुढची गाडी मंदावली की ट्रेलर मागून ढकलतो, कपलरचा (ट्रेलर गाडीला अडकवणाऱ्या जोडाचा) दांडा आत सरकतो, रॉड ओढला जातो आणि ब्रेकचे शू चाकाच्या ड्रमला आतून लागतात. सपाटीवर हे क्षणभर होतं. घाटात गाडी इंजिनावर धरली की ट्रेलर पूर्ण उतारभर ढकलतच राहतो, म्हणजे ब्रेक पूर्ण उतारभर लागलेला. ८५० किलो वजन ३०० मीटर खाली आणलं की सुमारे पाऊण युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. इंजिन, पुढचे ब्रेक, हवा आणि ट्रेलरचे दोन छोटे ड्रम, एवढेच वाटेकरी. वेग जास्त असेल तर ड्रमना निवायला वेळ मिळत नाही. म्हणून दुसरा गियर, ताशी २५-३०, आणि पायाचा ब्रेक सतत टेकवून न ठेवता दाबून वेग पाडायचा, मग सोडायचा. मागचा ट्रक हॉर्न वाजवत असेल तर वाजवू दे, जागा मिळेल तिथे बाजूला घेऊन त्याला जाऊ द्या. चोरलला उतरून १५ मिनिटं थांबायचंच. हँडब्रेक ओढून नाही, तापलेल्या ड्रमवर शू चिकटतात. चाकाला लाकडी ठोकळे लावा.

आता ब्रेकची सेटिंग. इथले मिस्त्री ती हमखास उलटी करतात. ब्रेक कमी लागतो म्हटलं की मधल्या रॉडचा नट फिरवून रॉड ताणतात. पाच मिनिटांचं काम, ब्रेक लागल्यासारखा वाटतो, पण शू एका बाजूला आधीच जवळ असतील तर तेच चाक कायम घासत राहतं. बरोबर क्रम असा: आधी रॉड पूर्ण ढिला. चाक उचलून, पुढच्या दिशेने फिरवत, बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या पत्र्याच्या) भोकातून ॲडजस्टर चाक अडेपर्यंत आवळायचा, मग चाक मोकळं फिरून जेमतेम घासल्याचा आवाज येईल इतका सोडायचा. दोन्ही चाकांना सारखं. रॉड सगळ्यात शेवटी, नुसती ढिलाई जाईपर्यंत. मिस्त्री थेट रॉडला हात घालायला लागला तर पाना काढून घ्या.

बेअरिंगचं काम घरी होतं, पण घाईत होत नाही. जॅक ॲक्सलच्या मधोमध लावू नका, स्प्रिंगच्या पट्ट्याच्या बैठकीजवळ लावा. टोपी, कॉटर पिन, कॅसल नट, बाहेरचं बेअरिंग या क्रमाने काढून ड्रम सरळ ओढा. उजव्या हबातून निघालेलं ग्रीस फाटलेल्या ताकासारखं होतं: वर तेल, खाली गाठी. जुनं न काढता त्यावर दुसऱ्या जातीचं ग्रीस भरलं की असं होतं. पातळ झालेलं ग्रीस ऑइल सील ओलांडून शूवर जातं, मग एक चाक तापतं आणि दुसरं ब्रेकच धरत नाही.

सगळं रॉकेल किंवा डिझेलने धुऊन पूर्ण कोरडं करा. कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग गरगर फिरवायचा मोह टाळा, पिंजरा सुटतो. रोलरवर निळसर झाक किंवा रेसवर (रोलर ज्या कड्यावर फिरतात त्यावर) खड्डे दिसले तर बेअरिंग आणि रेस जोडीनेच बदला, नव्या रोलरखाली जुनी रेस चालत नाही. लिथियम कॉम्प्लेक्स, एनएलजीआय २ (हा घट्टपणाचा नंबर) ग्रीस घ्या. तळहातावर गोळा घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहा, दुसऱ्या बाजूने ताजं ग्रीस डोकावेपर्यंत. हबची पोकळी मात्र गच्च भरू नका, अर्ध्याच्या आत पुरे. सील नवीनच. नट आवळताना ड्रम फिरवत राहा, जड लागला की नट परत सोडा, बोटांनी टेकवा आणि पिनचं भोक जुळायला लागेल तेवढा ढिल्या बाजूलाच न्या. पिन नवी, दोन रुपयांची गोष्ट आहे. चाक वर-खाली धरून हलवलं की जाणवेल न जाणवेल इतका खेळ हवा. वर्षातून एकदा हे करा, चाक पाण्यात बुडालं असेल तर लगेच. सीलबंद युनिट बेअरिंग असलेल्या आयात ॲक्सलना मात्र यातलं काही लागू नाही, ते उघडायचे नसतात.

घाटाखाली बडवाह. चिवडा घ्या, पुढे चला. खरा धक्का मोरटक्क्याचा पूल ओलांडल्यावर सनावदकडे बसतो. रस्ता सरळ आहे म्हणून वेग ६५ वर गेला, बाजूने बस गेली आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागला. कारण त्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या. एकेक भरलेली ५५-६० किलोची, दोन्ही ॲक्सलच्या मागे. गाडी उलाळ झाली, म्हणजे मागे जड. उलाळ ट्रेलर ताशी ४० ला साधूसारखा चालतो आणि ६५ ला अंगावर येतो. अशा वेळी ब्रेक मारू नका, स्टीअरिंगने सावरायला जाऊ नका. स्टीअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा, वेग आपोआप पडू द्या.

कपलरवरचं वजन ट्रेलरच्या एकूण वजनाच्या ७ ते १० टक्के हवं. ८५० किलोला ६० ते ८५ किलो, आणि टो बारच्या (गाडीच्या मागे बसवलेल्या ओढायच्या दांड्याच्या) पाटीवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत. ते धर्मकाट्यावर मोजू नका. ट्रकच्या काट्याचा एक टप्पाच ५ किंवा १० किलोचा, त्यावर एकूण वजन तेवढं करून घ्या. कपलरसाठी घरचा वजनकाटा, त्यावर फळी आणि फळीवर लोखंडी पाइपचा तुकडा. पाइप इतका लांब, की कपलर गाडीच्या बॉलच्या उंचीवरच राहील. ट्रेलर सपाटीवर हवा, सामान भरलेलं हवं आणि पाण्याची टाकी प्रवासात असेल तशीच. एक लिटर म्हणजे एक किलो. टाकी ॲक्सलच्या मागे असेल तर ती रिकामी ठेवून चला आणि पाणी मुक्कामाला भरा.

बॅटरीबद्दल स्पष्ट मत: ट्युब्युलर घरात ठेवा. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि तुम्ही तिच्यावरच गादी टाकून झोपता. १०० एएचची एक लिथियम फॉस्फेट बॅटरी १२-१३ किलोची असते, ॲक्सलच्या जरा पुढे बसते आणि तिच्यातून सुमारे ११५० वॅट-तास निघतात. ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज उन्हाळ्यात ५०० च्या आसपास खातो, २८ वॅटचा पंखा १० तास चालवला तर २८०, दिवे-पंप-मोबाइल मिळून १००. एक दिवस निघतो. २०० वॅटचं पॅनेल निरभ्र दिवशी ७०० पर्यंत परत देतं, उरलेलं गाडी चालताना डीसी-डीसी चार्जरने, म्हणजे गाडीच्या विजेवर ट्रेलरची बॅटरी भरणाऱ्या चार्जरने, भरायचं. एसीचं नाव काढू नका. एक टनाचा एसी ही बॅटरी तासाभरात रिकामी करेल.

गाडीपासून ट्रेलरपर्यंतच्या वायरीत वर्कशॉपने पुन्हा हात मारला होता: २.५ स्क्वेअर एमएम. ७ मीटर जाऊन ७ मीटर परत, २० अँपिअरला त्यात २ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. चार्जरपर्यंत पोचलेल्या १२ व्होल्टात तो बंद-चालू होत राहतो, आणि मिस्त्री म्हणतो "चार्जर खराब आहे, नवा घ्या." १६ स्क्वेअरमध्ये हाच तोटा ०.३ व्होल्टवर येतो. तांब्याची वायर इंदुरात महाराणी रोडवर मीटरने मिळते. फ्यूज गाडीच्या आणि ट्रेलरच्या अशा दोन्ही बॅटऱ्यांच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात. इंडिकेटर दिला की मागचे सगळे दिवे लुकलुकत असतील तर बल्ब बदलत बसू नका. सात पिनच्या प्लगमधली पांढरी वायर, म्हणजे अर्थ, तीच सैल किंवा गंजलेली असते.

हनुवंतिया छान आहे. इंदिरासागर धरणाचं पाणी, वारा, झोप, सगळं व्यवस्थित, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. फक्त काळ्या मातीवर उभे राहणार असाल तर कोपऱ्यांच्या पायांखाली फूटभर रुंदीच्या फळ्या हव्यात, नाहीतर रात्रीत एक कोपरा बसतो. ते पाय ट्रेलर स्थिर ठेवायला असतात, उचलायला नाहीत, चाक बदलताना त्यांच्यावर भार टाकलात तर वाकतात. आधी ठोकळे, मग कपलर सोडणं. पाऊस पडून गेला असेल तर डांबर सोडून खाली उतरूच नका.

परतीची चढण पहाटे करा. ट्रक कमी असतात आणि इंजिन थंड राहतं. गाडीचा एसी बंद, गियर खालचा. चढावर थांबून पुन्हा निघायची वेळ आली तर क्लचचा वास येईपर्यंत रेटू नका, ठोकळे लावून निवू द्या.

टायर निघण्याआधी बघा, नक्षी बघून भुलू नका. बाजूवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं, २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. ट्रेलर उभाच जास्त असतो, त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. सहा वर्षांनंतर काढून टाका. १४५ आर १२ एलटी, ८ प्लाय हा टायर छोट्या मालवाहू गाड्यांचा, म्हणून सनावदलाही मिळतो, ट्रेलर बनवून घेणाऱ्यांनी चाकं याच मापाची घ्यावीत.

सोबत बेअरिंगचा एक पूर्ण संच, दोन सील, मूठभर कॉटर पिना आणि एक जादा टोपी ठेवा. बेअरिंगवर ३०२०५, ३०२०६ असा पाच आकडी नंबर कोरलेला असतो, त्याचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. बडवाह-सनावदला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची दुकानं आहेत, नंबर सांगितलात तर माल पुढ्यात येतो. "ट्रेलरचं बेअरिंग द्या" म्हणालात तर कापसाच्या ट्रॉलीचं काढून देतात, आणि ते परत घेत नाहीत.