आवाजाच्या दालनात पाहायचं काय?

कलाप्रदर्शनात आलेल्या लोकांना दालनं फिरवून दाखवणं हे माझं काम. आवाजाच्या दालनात, म्हणजे जिथं कलाकृती नुसती ऐकायची असते तिथं, पाहायचं काय, असं तुम्ही विचारलंत; तेच तिथं रोज कुणी ना कुणी विचारतं. कुणी मराठीत, कुणी नुसत्या भुवया उंचावून, आणि बहुतेक जण कोकणीत: "बाये, हांगा पळोवपाक कितें आसा?" म्हणजे, बाई, इथं पाहायला काय आहे? समोर अंधारी खोली, चार काळे स्पीकर आणि वायरी. डिसेंबरात पणजीत गाडी लावायला जागा शोधून माणूस इथवर आलेला असतो, तो विचारणारच.

पाहायला फारसं काही नसतं, हे मी आधीच सांगून टाकते. चालायला मात्र असतं. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. दोन स्पीकरांच्या मधोमध उभ्या असलात आणि एकाकडे जरा सरकलात, की त्याचा आवाज दुसऱ्याच्या आधी पोचतो. फरक काही मिलीसेकंदांचाच, पण तेवढा कानाला पुरतो आणि अख्खं गाणं त्या बाजूला सरकल्यासारखं वाटतं. म्हणजे तुम्ही कुठे उभं राहायचं ते ठरवलंत, की काय ऐकू येणार तेही थोडंफार ठरलं. चित्रासमोर हे इतकं होत नाही.

आवाजातून काम करणाऱ्या कलाकार जॅनेट कार्डिफ यांची 2001 सालची एक कलाकृती याचं सरळ उदाहरण आहे. सोळाव्या शतकातली चाळीस आवाजांची एक चर्चमधली रचना त्यांनी घेतली, प्रत्येक गायकाचा आवाज वेगळा ध्वनिमुद्रित केला आणि चाळीस स्पीकर स्टँडवर लावून लंबगोलात मांडले. मधे उभं राहिलं की सगळं गायकवृंद. एका स्पीकरला कान लावला की एकच माणूस, त्याच्या श्वासासकट. सगळं मिळून चौदा मिनिटांचं, त्यातली तीनेक मिनिटं गायक गाण्याआधी नुसते खोकतात, गप्पा मारतात. तो भाग मला गाण्याइतकाच आवडतो.

आता ही चौदा मिनिटं दुसऱ्या एका आकड्याशेजारी ठेवा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातली एक पाहणी 2001 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात एका कलाकृतीसमोर लोक सरासरी 27.2 सेकंद थांबत होते. तीच सवय घेऊन माणूस आवाजाच्या दालनात येतो, अर्धा मिनिट थांबतो, त्या अर्ध्या मिनिटात नेमकी शांतता असते, आणि तो निघून जातो. बाहेर जाऊन म्हणतो, काही कळलं नाही. कळायला काही वाजलेलंच नसतं!

"पण मी मधेच आले, सुरुवात चुकली," अशी तक्रार करणाऱ्यांना मी गोव्यातल्या वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहाची आठवण देते. तिथं चोवीस तास अखंड भजन चालतं. सुरुवात चुकली म्हणून कुणी हळहळत नाही. कुणी तासभर बसतो, कुणी फेरीतली, म्हणजे तिथल्या जत्रेच्या बाजारातली, खरेदी आटोपून येतो, दोन अभंग ऐकतो आणि जातो. ही ऐकण्याची रीत आपल्या अंगात आहेच. दालनाच्या पांढऱ्या भिंती दिसल्या की मात्र आपण परीक्षेला बसल्यासारखे अवघडतो.

तरी सगळा दोष प्रेक्षकांच्या माथी मारणं मला पटत नाही. लोक कुठे उभे राहून ऐकतात हे मी रोज बघते: दारात. आत अंधार, कुणाला धक्का लागेल ही भीती, म्हणून चौकटीपाशी थांबतात. आणि दोन दालनांचे आवाज एकमेकांत मिसळून सगळ्यात जास्त गोंधळ तिथंच होतो. पोर्तुगीज काळातल्या इमारती दिसायला देखण्या, पण उंच छत, टणक भिंती, फरशी. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे सहा डेसिबलनं उतरतो. अशा खोलीत तो भिंतींवर आपटत राहतो आणि तेवढा उतरत नाही. एका प्रदर्शनात कुजबुजत वाचलेल्या कवितांच्या शेजारी ढोलांचा व्हिडिओ लावला होता. कविता कुणाला कळल्या नाहीत यात नवल ते काय? जाड पडदे, छताला आवाज शोषणारी पटलं, हे सगळं करता येतं. फक्त ते खर्चाच्या यादीत तळाला असतं आणि आधी तेच कापलं जातं.

मग सोपा उपाय म्हणून हेडफोन येतात. एका दालनातला आवाज दुसऱ्यात गळायचा थांबतो, खरं. पण पाच जणांचं कुटुंब, हेडफोन दोन, आणि आजी केसांतली वेणी विस्कटेल म्हणून नकोच म्हणते. शिवाय सोबत ऐकण्यातली गंमत जाते. कलाकार शिल्पा गुप्ता यांनी तुरुंगात डांबल्या गेलेल्या शंभर कवींवर केलेलं काम 2018 साली कोची बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात होतं. वर शंभर मायक्रोफोन टांगलेले, आणि त्यांतूनच आवाज बाहेर पडतो. एक जण ओळ म्हणतो, बाकीचे ती उचलतात. खाली लोखंडी सळ्यांवर टोचलेले कागद, त्यांच्यामधून लोक वाट काढतात. हे हेडफोनवर ऐकवलं तर उरेल काय? दुसरी माणसं त्याच ओळीपाशी थबकलेली दिसणं हाही त्या अनुभवाचा भाग आहे.

मोबाइलवर चित्रण करणाऱ्यांना मी अडवत नाही. घरी जाऊन अंधाराचा व्हिडिओ बघतील.

सगळ्यात छान ऐकतात ती शाळेची मुलं. त्यांना कुणी सांगावं लागत नाही. ती धावत स्पीकरपाशी जातात, कान लावतात, लांब पळतात, पुन्हा येतात. शिक्षक ओरडतात, मी शिक्षकांना बाहेर चहाची टपरी दाखवते.

तेव्हा तुम्ही आलात तर दारात थांबू नका. एक फेरी भिंतीच्या कडेनं मारा, मग मधे या, मग सगळ्यात बारीक आवाज येणारा स्पीकर शोधा. पाटीवर कामाची लांबी लिहिलेली नसली तर आम्हाला विचारा, आम्हाला पाठ असते. नाही आवडलं तर खुशाल निघा, मलाही सगळी आवडत नाहीत. आयोजकांकडे मी नेहमी दोनच गोष्टी मागते: पाटीवर मिनिटं आणि खोलीत बाक. बाक येतात हो, पण ते बहुतेक वेळा चित्रांच्या दालनात जातात.