सिनेटर म्हणजे पडलेल्यांची सोय का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, म्हणजे आमच्याकडे कॅनडात विनिपेगला येणारा प्रत्येक पाहुणा हे विचारतोच. बर्ड्स हिल पार्कला जाताना हायवे ५९ वर एक लांबलचक पूल लागतो आणि उन्हाळ्यात खाली बघाल तर नुसतं गवत, मधोमध पाण्याची एक बारीक धार. एवढा पूल कशाला? मग मी सांगतो, हा डफचा चर, ज्यांनी खणवला ते डफ रॉब्लिन (शाहिराचा डफ नाही हो, माणसाचं नाव) मॅनिटोबाचे प्रीमियर होते, आपल्या भाषेत मुख्यमंत्री, आणि नंतर कॅनडाचे सिनेटर झाले. की लगेच मागच्या सीटवरून, "म्हणजे आपल्या राज्यसभेसारखंच ना, पडलेल्यांना मागच्या दारानं घ्यायचं?"

हो. इथे तर आमदारांची मतंही लागत नाहीत, पंतप्रधान नाव देतात, गव्हर्नर जनरल नेमतात, की वयाच्या ७५ पर्यंत बसा.

आणि रॉब्लिन पडलेच होते. १९५८ ते ६७ प्रीमियर, मग आपल्या प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा राष्ट्रीय नेता व्हायला गेले तर रॉबर्ट स्टॅनफिल्ड जिंकले. १९६८ ला खासदारकीला उभे राहिले तर विनिपेगमध्येच पडले, पिएर ट्रुडोंची (जस्टिनचे वडील, लिबरल पक्षाचे) लाट होतीच, शिवाय प्रांतात ५ टक्के सेल्स टॅक्स यांनीच लावलेला, लोक विसरतात होय? १९७४ ला ओंटारिओत पीटरबरोला जाऊन परत पडले. आणि १९७८ ला सिनेट दिली कोणी, तर त्याच ट्रुडोंनी, म्हणजे विरोधी पक्षाच्या पंतप्रधानानं! आत गेल्यावर समोर कोण, तर गिल्डास मोल्गाट, विनिपेगच्या विधानसभेतले यांचे जुने विरोधी पक्षनेते, ते १९७० पासूनच तिथे. पुढे स्वपक्षाचे पंतप्रधान मल्रोनी यांच्या काळात रॉब्लिन दोनेक वर्षं सिनेटमध्ये सरकारचे नेते होते, १९९२ ला रिटायर. सिनेटचं एवढंच, मला त्यात फार रस नाही.

रस आहे तो चरात. इथली रेड रिव्हर वाहते उत्तरेला, त्यामुळे दक्षिणेकडचा बर्फ आधी वितळतो आणि उत्तरेला नदी अजून गोठलेलीच, पाणी जाणार कुठे? १९५० च्या पुरात लाखभर लोकांना घरं सोडावी लागली. रॉब्लिननी शहराला वळसा घालून ४७ किलोमीटरचा चर काढायचा हट्ट धरला, १९६२ ला सुरू, १९६८ ला पूर्ण, खर्च ६ कोटी ३० लाख डॉलर. लोक हसायचे, 'डफ्स डिच' हे नाव टिंगलीतच पडलेलं. शहराच्या दक्षिणेला नदीच्या तळाशी दोन पोलादी गेटं निजलेली असतात, पूर आला की ती वर उचलायची, पाणी तुंबतं, काठावरून चरात उतरतं आणि शहर चुकवून लॉकपोर्टजवळ परत नदीत. १९९७ ला शतकातला पूर म्हणतात तो आला आणि विनिपेग वाचलं. (गेटच्या वरच्या अंगाला राहणाऱ्यांना विचाराल तर शिव्या ऐकाल, शहरासाठी पाणी आमच्या अंगावर घेतलं म्हणतात, आणि ते काही अगदीच खोटं नाही.) तेव्हा रॉब्लिन ७९ वर्षांचे, सिनेट सोडून पाच वर्षं झालेली.

मागच्या वर्षी मामा आले होते, त्यांना पुलावर गाडी हळू करून हे सगळं सांगितलं. खाली बघत म्हणाले, "ते ठीक आहे रे, पण पेन्शन मिळाली ना त्यांना?"