आखाजी, खापर आणि एक फाटलेली पोळी

सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे मी सलग तीन हिवाळे काढले. उडणारी धूळ, मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा, शेजारी फेटेवाला. फोटो वाईट नव्हते, पण दत्तजयंतीला तापीकाठी कॅमेरा घेऊन आलेल्या शंभर जणांकडे तेच होते. म्हणून यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला गेलो. बेचाळीस अंशांत खानदेशात कोण मरायला जातं, असं घरून ऐकून घेतलंच.

वाटेत चाळीसगावला उतरलो. स्टेशनजवळच केकी मूस यांचं घर आहे, आता तिथे संग्रहालय आहे. 1989 साली गेलेला हा माणूस आयुष्यातली कित्येक वर्षं घराबाहेर फारसा पडलाच नाही. टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडायच्या, उजेड हवा तसा वळवायचा आणि अख्खं निसर्गदृश्य उभं करायचं, ही त्यांची टेबल-टॉप फोटोग्राफी. ते फोटो बघताना मला माझ्या पेट्रोलच्या पावत्या आठवल्या.

तिथून एसटीने पारोळामार्गे अमळनेर, आणि पुढे फुईचं गाव. (आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात.) आखाजीला माहेरवाशिणी आलेल्या, निंबाला झोके बांधलेले, रसासाठी आंबे पाण्यात पडलेले. फुई मात्र पहाटेपासून छपरात, चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरापुढे.

खापरावरची पुरणपोळी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: पोळपाट नाही, लाटणं नाही. सैल मळलेल्या कणकेत पुरण भरायचं, गोळा थोडा थापायचा आणि तो या हातावरून त्या हातावर फिरवत कोपरापर्यंत पसरू द्यायचा. मग एका झटक्यात खापरावर. डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर संपतं.

मी आधी शटर 1/1000 सेकंदाला नेलं, त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) 6400 करावा लागला. पोळी गोठली, पण दोरीवर वाळत टाकलेल्या फडक्यासारखी दिसायला लागली. मग 1/30. आता फुईचा चेहराही वाहून गेला. बराच वेळ नुसता बघत बसलो तेव्हा लक्षात आलं, की पोळी एका हातावरून दुसऱ्यावर जाताना फुईची मान क्षणभर स्थिर होते, श्वास धरल्यासारखी. 1/60 ला त्याच क्षणी दाबायचं. हात हलके पुसट, चेहरा स्पष्ट.

दुसरी अडचण उजेडाची. काळं खापर, पांढरी कणिक, कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर गोंधळणारच. स्पॉट मीटरिंग (फक्त एका ठिपक्यापुरता उजेड मोजणं) पोळीवर धरलं, आणि मीटर पांढऱ्याला करडं करून टाकतं म्हणून एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, वाढवून घेतला. तरी चेहरा अंधारातच, कारण दार फुईच्या पाठीमागे. शेवटी मामांचं धुतलेलं धोतर दोरीवरून ओढलं आणि चुलीच्या अलीकडे बाजेवर पसरलं. दारातला उजेड त्यावर आपटून बरोबर गालावर आला. धोतराला काजळी लागली ती लागलीच.

मग दार मागेच राहू दिलं, जागा सोडली नाही. पाठीमागून ऊन आलं की हातावरची पोळी आरपार दिसते. पुरणाचे पिवळे ढग, मधूनच फुईच्या बोटांच्या सावल्या. धूरही निळा दिसतो. समोरून फ्लॅश मारला असता तर यातलं काही उरलं नसतं. एक चूक मात्र केली: तिथेच लेन्स बदलली. पीठ सेन्सरवर बसलं, आणि संध्याकाळी काढलेल्या झोक्यांच्या सगळ्या फोटोंत आभाळाला देवी आल्या आहेत.

दुपारी फुईला पडद्यावर निवडलेला फोटो दाखवला. पोळी मध्येच चिरली होती आणि त्या चिरेतून उन्हाची तिरीप थेट कॅमेऱ्याकडे आली होती. मला त्याहून चांगला एकही मिळाला नव्हता. फुईने पदराने स्क्रीन पुसली, निरखून पाहिलं.

“हाई तं फाटेल पोयी शे रे. चांगली करसू तवय काढजो.”

आणि पुन्हा चुलीपुढे बसली. माझ्यासाठी एक अख्खी, टोपलीएवढी पोळी केली. तिचा फोटो नाही, कारण तेव्हा माझे दोन्ही हात रसात होते.