तिसऱ्या दिवसाची वारी

पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकला पायी जायचं, हे आमच्या पंचवटीतल्या भजनी मंडळाचं ठरलेलं. वाट साधारण 28 किलोमीटरची. 3 वर्षांपूर्वी, वयाच्या 65व्या वर्षी, मी ती एका दिवसात तुडवली. कोण अभिमान वाटला होता! तिसऱ्या दिवशी मात्र संडासात नळाला धरून उठले आणि जिना उलटा उतरले, रांगतं मूल पलंगावरून उतरतं तसा. सूनबाई खाली उभी, हसावं की काय करावं तिला कळेना.

गुडघे दाखवायला गेले तेव्हा फिजिओथेरपीवाल्या बाई म्हणाल्या, "काकू, 11 महिने बसून काढायचे आणि बाराव्यात 28 किलोमीटर?" मी म्हटलं, मी रोज चालते. तर म्हणाल्या, नुसतं चालणं पुरत नाही. वयाबरोबर मांडीचे स्नायू झिजतात, त्यांना भार लागतो.

तेव्हापासून स्वयंपाकघरात माझा आखाडा आहे. हात न टेकवता खुर्चीवरून 10 वेळा ऊठबस. मग ओट्याला धरून टाचा उचलायच्या, नंतर एका पायावर उभं राहायचं, कुकरची शिट्टी होईपर्यंत. हे आठवड्यातून 2 दिवस, आणि मध्ये सुट्टी हवीच. ताकद त्या सुट्टीतच भरते म्हणे. चालणं दसऱ्यापासून वाढवत नेलं. आधी रामकुंड ते तपोवन आणि परत, मग हळूहळू 12 किलोमीटरपर्यंत. बूटही तेव्हाच घेतले. नवे बूट घालून वारीला निघणाऱ्यांचे फोड मी पाहिलेत.

यंदा दिंडीत हट्ट धरला, महिरावणीच्या पुढे एक मुक्काम करायचाच. पुरुषमंडळींनी नाकं मुरडली, पण रात्री पाय चेपत तेच आधी आडवे झाले.

पौषातली पहाट, अंग आखडलेलं. पहिला अर्धा तास मुद्दाम रेंगाळत चाललो. मनगटातल्या घड्याळात नाडी बघायची सोय आहे, पण माझ्या बीपीच्या गोळीने नाडी चढतच नाही, त्यामुळे त्या आकड्यावर विसंबू नका असं डॉक्टरांनी बजावलेलं. आमच्याकडे त्याहून बरं यंत्र आहे, अभंग. चालता चालता धृपद म्हणता येतंय तोवर निर्धास्त. सूर लागेना पण बोलता येतंय, तरी ठीक. दोन शब्दांत धाप लागली की पताका दुसऱ्याच्या हाती द्यायची. छातीत दडपण आलं किंवा गरगरलं तर 'पित्त असेल' म्हणून ओवा चघळत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

पाण्याचं दुखणं वेगळंच. वयानुसार तहान कमी जाणवते, त्यात आम्ही बायका वाटेत मुद्दामच पाणी पीत नाही. कारण सांगायला हवं का? रस्ता गुळगुळीत झाला, आडोसे मात्र गेले. यंदा अंजनेरीच्या अलीकडे एका शेतकरीण माउलीने घरचं न्हाणीघर उघडून दिलं, तेव्हा कुठे सगळ्यांनी पोटभर पाणी प्यायलं.

आणि एकादशी! दमलेल्या स्नायूंना प्रथिनं हवीत आणि आपण खातो साबुदाणा. मी राजगिऱ्याच्या लाडवाबरोबर दही आणि शेंगदाणे घेतले, रात्री दूध. मंडळातल्या एका आजींना मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी राजरोस पोळीभाजी खाल्ली. नाथ त्यांच्यावर रागावतील असं मला तरी वाटत नाही.

त्र्यंबकला ब्रह्मगिरी समोर दिसला की पाय आपोआप पावली धरतात. मी टाळ वाजवत कडेला उभी राहिले. मन उडी मारत होतं, गुडघ्यांना मात्र मी बजावून ठेवलं होतं. समाधीचं दर्शन झालं आणि बसने घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पोटऱ्या ठणकल्या. लोळत न पडता गल्लीतल्या गल्लीत 10 मिनिटं फिरले, दुपारी झोपले, संध्याकाळी पुन्हा 10 मिनिटं. ओट्याजवळचा आखाडा आठवडाभर बंद.

तिसऱ्या दिवशी सकाळी कठड्याला हात ठेवून जिना उतरले. सरळ, पुढे तोंड करून. सूनबाई चहाचा कप घेऊन उगाचच खाली उभी होती.